राहुरीचे विद्यापीठ आणि रयतेचा आराखडा

(राहुरी तालुक्यातील शेतकरी व विद्यार्थी यांच्या सभेत आम्ही केलेले भाषण. सभेस येऊ न शकलेल्या वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहो.)



आजच्या सभेचा विषय ऐकून पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. बदलत्या काळात विद्यापीठाचा आराखडा कसा असावा! लग्नसराईचे दिवस, डोक्यावर ऊन, आणि बोलावयाचे कशावर, तर आराखड्यावर. पण बंधुहो, आराखडा ही काही विलायतेहून आलेली चीज नव्हे. मृग निघण्यापूर्वी घरचे कारभारी आणि कारभारीण ओसरीवर बसून जे बोलतात तोच आराखडा. विहिरीस पाणी किती, बी घरचे किती आणि विकतचे किती, कोणता तुकडा पडीक टाकावयाचा, सोसायटीचे देणे आधी की दुकानदाराचे, आणि पाऊस फिरलाच तर जनावरे ठेवावयाची की बाजार दाखवावयाचा. विद्यापीठाचे तरी याहून निराळे काय असते? पैसा थोडा, माणसे थोडी आणि शिवार मोठे. तेव्हा काय पेरावे आणि काय पेरू नये याचा निकाल लावणे म्हणजे आराखडा. फरक एवढाच की तुमचा आराखडा चुकला तर तुमची चूल विझते, आणि विद्यापीठाचा चुकला तरी तुमचीच चूल विझते. म्हणून हा विषय साहेबलोकांचा नसून आपला आहे.

१९६८ साली राज्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि लवकरच त्याची विभागवार वाटणी होऊन राहुरीस महात्मा फुले कृषी विद्यापीठ उभे राहिले. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्ह्यांची शेती त्याच्या पदरात आहे. ज्या माळावर ते उभे आहे ती जमीन आकाशातून पडलेली नव्हती. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी ती दिली. दिली म्हणण्यापेक्षा सरकारने घेतली. आणि त्या घरांतील मुलांना तेथे नोकरी मिळावी म्हणून त्या कुटुंबांना वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करीत राहावे लागले. फाटकावर नाव मात्र जोतीरावांचे आहे. आता ज्याचे नाव लावावयाचे त्याचे म्हणणे काय होते, हे निदान एकदा तपासून पाहावयास नको काय?

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन केले त्याचा मुद्दा कोणाही कुणब्याच्या पोरास कळेल इतका सरळ होता. सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते, आणि त्या तिजोरीतून वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर मुक्त हस्ताने खर्च होतो. रयतेच्या मुलांस साधी अक्षरओळखही मिळत नाही. तेव्हा बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, खेड्यातील शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवा, आणि मास्तर असे नेमा की ज्यांस नांगराची मूठ धरावयास लाज वाटणार नाही. पुढील साली लिहिलेल्या शेतकऱ्याच्या असूडात त्यांनी याच्याही पुढे जाऊन ताली-बंधारे बांधण्याची, जनावरांची जात सुधारण्याची, शेतकऱ्यांची प्रदर्शने भरवून बक्षिसे देण्याची योजना मांडली. म्हणजे आज ज्यास संशोधन आणि विस्तार म्हणतात त्याचा पहिला आराखडा या देशात एका माळ्याने लिहिला, आणि तो मराठीत लिहिला. तोही कोणत्या कचेरीचा पगार न घेता!

राहुरीने काहीच केले नाही असे म्हणणारे आम्ही नव्हे. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने प्रसारित केलेला को ८६०३२ आणि त्यानंतरचा फुले २६५ हे ऊस ठाऊक नाहीत असे कारखान्याच्या पट्ट्यात एकही घर नसेल. भगवा डाळिंबाने कित्येक कोरडवाहू कुटुंबांनी माळावर पक्की घरे बांधली. विजय आणि दिग्विजय हरभरा, निफाडचा त्र्यंबक गहू, कसबे डिग्रजचा फुले संगम सोयाबीन, गीर, जर्सी आणि होल्स्टीन या तीन रक्तांची फुले त्रिवेणी गाय. ही सारी सरकारी पगारावर काम करणाऱ्या माणसांची कमाई आहे, आणि त्यांतील पुष्कळ माणसे बहुजन समाजातील, पहिल्या पिढीत शिकलेली आहेत. दरवर्षी निघणारी कृषिदर्शनी पुष्कळ घरी पंचांगाशेजारी टांगलेली असते. आम्हांस विचाराल तर दोहोंत तीच अधिक खरी बोलते.

पण आता नगर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. २०२४ साली सरकारने त्याचे नाव अहिल्यानगर केले. नाव बदलले तरी पाऊस तोच आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. प्रवरेच्या आणि मुळेच्या कालव्याखालचे राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे एका बाजूस, आणि पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर दुसऱ्या बाजूस. पहिल्या बाजूस ऊस उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूची माणसे कोयता घेऊन तो तोडावयास जातात. उसाच्या जाती एकामागून एक आल्या. रब्बी ज्वारीत मात्र १९३० च्या दशकात मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ अजूनही शेतकऱ्याच्या पाभरीतून सुटलेली नाही. विद्यापीठाने फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले रेवती असे वाण दिले, हे खरे. तरीही नव्वद वर्षांची म्हातारी अजून रानात उभी आहे आणि तिच्या सुना घरात बसल्या आहेत. यात दोष सुनांचा की त्यांना रानापर्यंत नेणाऱ्यांचा, याचा शोध कोणत्याही आराखड्याने प्रथम घेतला पाहिजे. भाकरीची चव, कडब्याची उंची, बी वेळेवर न मिळणे, की कोणी सांगावयासच न येणे? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. जामखेडच्या वाडीवर जाऊन विचारावा लागेल.

आता बदल कोणता आला आहे तो पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले की एकाच विषयाची विद्यापीठे पुढे राहू नयेत. शेतकीची, कायद्याची, वैद्यकीची अशी जी निरनिराळी विद्यापीठे आहेत त्यांनी बहुविद्याशाखीय व्हावे, आणि व्यावसायिक व सामान्य शिक्षण देणाऱ्या संस्थांनी २०३० पर्यंत ही दोन्ही शिक्षणे एकत्र देण्याच्या दिशेने वाढावे. प्रत्येक संस्थेने आपला विकास-आराखडा करावा. त्याच धोरणात एक आकडाही आहे. देशातील विद्यापीठांत कृषी विद्यापीठे सुमारे ९ टक्के, पण उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांत शेतकी व तिच्या शाखा शिकणारे १ टक्क्याहूनही कमी. देश शेतकऱ्यांचा आणि शेतकी शिकणारे शंभरात एकही नाही! या आकड्याची लाज कोणास वाटावी हे धोरणात लिहिलेले नाही.

बहुविद्याशाखीय हा शब्द आमच्या घरी नवा नाही. शेतकऱ्याच्या वाड्यात नांगर, बैल, गाय, कोंबडी, विहीर, कर्ज आणि कोर्टाची तारीख एकाच छपराखाली नांदतात. वेगळे केले ते सरकारने. २००० साली नागपुरास पशू व मत्स्य विज्ञानाचे निराळे विद्यापीठ काढून पशुवैद्यक शिक्षण कृषी विद्यापीठांतून तोडले. गाय राहुरीत राहिली आणि गाईचा डॉक्टर नागपूरच्या खात्यात गेला. आणि वीस वर्षांनी दिल्लीहून सांगावा आला की सर्व विद्या एकत्र आणा! घर मोडावयाचे, मग जोडावयाचे, आणि दोन्ही वेळा मजुरी घ्यावयाची, ही गवंडीगिरी रयतेस परवडणारी नाही.

तरी आम्ही या सूचनेस एकदम नकार देत नाही. शेतकऱ्याचे पीक रोगाने जितके बुडते तितकेच ते बाजारात आणि कागदपत्रांत बुडते. कांद्याच्या निर्यातीवर एका रात्रीत बंदी येते. तेथे कीटकशास्त्र काय करणार? वाटणीचा दावा, पीक विम्याची अट, सात-बाऱ्यावर बाईचे नाव नसणे, हे शेतकीचेच रोग आहेत. विद्यापीठात कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यावे आणि त्यांनी या रोगांचा अभ्यास करावा, असे बहुविद्येचे रूप असेल तर आम्ही गुढी उभारू. याला आधारही आपल्याच इतिहासात आहे. पुण्याचे शेतकी महाविद्यालय १९०७ साली निघाले व आज ते याच विद्यापीठाचे अंग आहे. तेथले पहिले प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन हे रसायनशास्त्री. पण हा इंग्रज गृहस्थ पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावी गेला. कोणाची जमीन किती तुकड्यांत फाटली आहे, कोणावर कर्ज किती, वर्षाकाठी किती घरांचे पोट भरते आणि किती घरांचे भरत नाही, हे घरोघर विचारून १९१७ साली त्याने त्याचे पुस्तक छापले. जमिनीचे रसायन तपासता तपासता तो जमीनदाराचे आणि कुळाचे रसायन तपासू लागला. याला आम्ही बहुविद्या म्हणतो. पण बहुविद्या म्हणजे भरमसाट फीचे व्यवस्थापनाचे वर्ग काढणे, शहरी पोरांसाठी इमारती उठविणे, आणि शेतकीच्या प्रक्षेत्रावर त्यांचे मैदान करणे असे ठरणार असेल, तर ते विद्यापीठ जोतीरावांचे नाव उतरवून मग खुशाल करावे.

दुसरी गोष्ट माणसांची. राज्यातील कृषी विद्यापीठांत शेकडो जागा रिकाम्या पडून आहेत, हे वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत. एक माणूस शिकवितो, तोच प्रयोग बघतो, तोच परीक्षा घेतो, तोच मेळाव्यात मंत्र्यांच्या स्वागतास उभा राहतो. मजूर निवृत्त होतो, त्याची जागा भरत नाही, आणि ज्या प्रयोगाच्या प्लॉटवर त्याने वीस वर्षे डोळ्यांत तेल घालून राखण केली त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी या देशात उतरली आणि मक्याच्या पोंग्यात शिरली. अळीने काही भरतीची जाहिरात निघेपर्यंत वाट पाहिली नाही. अशा वेळी गावाला हवा असतो तो कीटकशास्त्र जाणणारा, मोटारसायकलवर बसून येणारा आणि मराठीत बोलणारा एक माणूस. आराखड्याच्या पुस्तकात शंभर पाने चित्रे असोत. ज्या पानावर रिकाम्या जागा कोणत्या साली, कोणत्या क्रमाने भरणार हे लिहिलेले नाही ते पुस्तक आम्ही वाचनालयात नव्हे, वाण्याकडे पाठवू.

आणि क्रम लिहावयाचाच तर आमचे मत उघड सांगतो. आधी कोरडवाहू केंद्रांवरील जागा, मग मुख्यालयातील. हे पुष्कळांस आवडणार नाही. पाट ज्या बाजूस वाहतो त्या बाजूस पगारही वाहतो, हा जुना नियम आहे.

तिसरा बदल यंत्राचा. २०२५ साली राज्य सरकारने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. राहुरीस हवामानाला जुळत्या शेतीचा आणि पाण्याच्या नियोजनाचा मोठा प्रकल्पही जागतिक बँकेच्या मदतीच्या योजनेतून झाला. ड्रोन उडाले, यंत्रे आली. आम्ही यंत्राचे वैरी नाही. ज्यांनी रहाटाच्या जागी इंजिन बसविले आणि इंजिनाच्या जागी मोटार, त्यांनी यंत्राला का भ्यावे? पण यंत्राच्या बुद्धीचा एक स्वभाव ओळखून असा. तिला जे खाऊ घालाल तेच ती ओकते. कालव्याखालच्या उसाची मापे तिच्यात भरली तर ती उसावर सल्ला देईल. पाथर्डीच्या बरड रानातील बाजरीची मापे कोणी घेतलीच नाहीत तर बाजरीबद्दल ती मुकी राहील, आणि मग साहेब म्हणतील की बाजरीस भविष्य नाही. पूर्वी ज्याचे नाव पोथीत नाही तो शूद्र ठरत असे. आता ज्याचे शेत संगणकात नाही तो अडाणी ठरेल. तेव्हा विद्यापीठाने प्रथम कोणाची शेते मोजावयाची, आणि मोजलेली माहिती कोणाच्या मालकीची राहणार, हे आराखड्यात काळ्यावर पांढरे झाले पाहिजे. परक्या पैशाचा प्रकल्प संपल्यावर ती यंत्रे कोण चालविणार, तेही.

आता बियाण्याविषयी थोडे अधिक बोलतो. कारण आमच्या मते सगळ्या वादाचे मूळ तेथे आहे.

बी दोन तऱ्हेचे असते. एक, जे पेरून आलेल्या पिकातून निवडून घरी राखता येते आणि पुढील वर्षी तसेच उगवते. हरभरा, गहू, सोयाबीन, आपली मालदांडी ही त्यातली. दुसरे संकरित, ते घरी राखले तर पुढील साली जात बिघडते, म्हणून दरसाल दुकानात जावे लागते. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली; ती आपल्याकडे मुख्यत्वे संकरित बियाण्याच्या रूपाने आली, आणि कापूसवाल्याच्या घरातून सरकी राखण्याची चाल उठली. आता विचार करा. जे बी शेतकरी घरी राखू शकतो त्यावर कोणती कंपनी दहा-दहा वर्षे संशोधन करील? एकदा विकले की गिऱ्हाईक संपले! कंपनी धर्मादाय संस्था नव्हे, आणि तिला दोष देण्यातही अर्थ नाही. म्हणूनच हरभरा, ज्वारी, तूर या गरिबांच्या पिकांचा वाली सरकारी विद्यापीठाशिवाय दुसरा कोणी नाही. विद्यापीठाने पैदासकार बी करावयाचे, त्यापासून पायाभूत, पायाभूतापासून प्रमाणित, आणि ते महाबीजसारख्या संस्थांनी गावी पोचवावयाचे, अशी ही साखळी आहे. या साखळीचा पहिला दुवा सैल पडला तर खालचे सारे तुटते. आणि आराखड्यात जर असे वाक्य आले की विद्यापीठाने स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहावे, तर ते वाक्य गोड दिसले तरी त्याचा अर्थ नीट लावा. उत्पन्न ज्या बियाण्यात आहे तिकडे शास्त्रज्ञ वळेल आणि जामखेडची ज्वारी पोरकी होईल. पोटच्या पोराला दूध देताना आई हिशेब ठेवीत नाही. ज्या संस्थेला रयतेने जमीन दिली, कर दिला, तिने रयतेच्या बियाण्याचा नफा-तोटा मांडू नये.

हे ज्ञान केवळ विद्यापीठातच असते असे समजणारे पंडितही आहेत. त्यांनी अकोले तालुक्यातील कोंभाळणे गाव पाहून यावे. तेथील राहीबाई पोपेरे या आदिवासी भगिनी शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण त्यांनी वालाचे, भाताचे, भाजीपाल्याचे देशी बी घरात जतन केले, बायकांना जमवून बियाण्याची बँक उभी केली, आणि २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. पद्मश्री दिल्लीने दिली. आमचा प्रश्न असा की अशा बाईस विद्यापीठाच्या संशोधन सभेत पाहुणी म्हणून हार घालून बसवावयाचे, की सभासद म्हणून मत द्यावयास बसवावयाचे? दरसाल चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त समिती भरते. तेथे नवे वाण, नवी अवजारे आणि शिफारशी मंजूर होतात. ज्या हातांनी खुरपणी होते ते हात तेथे किती असतात? नव्या अवजाराची मूठ बाईच्या हातास बसते की नाही, हे बाईस विचारल्याशिवाय कोणत्या सूत्राने काढणार? २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास बी राखण्याचा, वापरण्याचा, आपला वाण नोंदविण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क गावोगाव सांगून नोंदणी करून देणे हे विद्यापीठाचे काम नव्हे तर कोणाचे?

तसेच हिवरे बाजार. नगरपासून फार लांब नाही. त्या गावाने पाण्याचा जमाखर्च मांडला, शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या, उसास नको म्हटले, आणि पावसाचे माप बघून पिके ठरविली. काय पेरावयाचे नाही हे ठरविण्याची जी हिंमत एका खेड्याने दाखविली ती विद्यापीठाने आपल्या आराखड्यात दाखवावी, इतकेच आमचे म्हणणे. हेही करू, तेही करू, जगात पहिले येऊ, असे लिहिणे म्हणजे आराखडा नव्हे. ती लग्नपत्रिका झाली.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याविषयी. चार वर्षांच्या पदवीत मधूनच बाहेर पडण्याची सोय नव्या अभ्यासक्रमाने केली आहे; एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. ऐकावयास सोय चांगली आहे. पण दार उघडे ठेवले की त्यातून बाहेर कोण जातो ते बघत जा. ज्याच्या बापाचा पगार महिन्याच्या एक तारखेस येतो तो जाणार नाही. जाईल ती ऊसतोड्याची मुलगी, जिच्या घरी उचल फेडावयाची आहे. तिच्या हातात प्रमाणपत्र देऊन आपण तिच्यावर उपकार केला असे कागदोपत्री दिसेल, आणि वर्गातील जागा गुपचूप रिकामी होईल. म्हणून आमची मागणी अशी की दरसाल किती मुले मधून गेली, कोणत्या तालुक्याची, कोणत्या प्रवर्गाची, मुली किती आणि कारण काय, हे विद्यापीठाने छापून प्रसिद्ध करावे. आणि वसतिगृहाची व भोजनाची सोय आराखड्यात इमारतींच्या आधी यावी. कर्मवीर भाऊरावांनी रयतेच्या पोरांसाठी आधी वसतिगृह काढले आणि महाविद्यालये मागाहून आली, हा क्रम विसरू नका.

दुसरी एक कडू गोष्ट. शेतकीची पदवी घेऊन तुमच्यापैकी पुष्कळ जण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. आम्ही तुम्हांस पळपुटे म्हणणार नाही. बापाच्या हातात कांद्याची पट्टी पाहिलेला मुलगा शेतीत का परतेल? बहुजनांच्या मुलांनी तहसीलदार व्हावे, जिल्हाधिकारी व्हावे, हेही आम्हांस हवेच आहे. त्या खुर्च्या कोणा एका जातीच्या वतनाच्या नव्हेत. पण शेकडो बसतात आणि मूठभर निवडले जातात. उरलेल्यांची सात-आठ वर्षे अभ्यासिकेच्या भाड्यात जातात. विद्यापीठाने यांच्यासाठी गावातच रोजगार उभा करावा: माती-पाणी तपासणीचे केंद्र, बीजोत्पादनाचे गट, अवजारांची भाडेबँक. सध्या हे काम बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे आपल्या परीने करतात. चौदा तालुक्यांस ती दोन केंद्रे किती पुरणार?

शेवटचा मुद्दा भाषेचा. शेतकीचे पदवीचे शिक्षण इंग्रजीत चालते, प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, आणि अशा संस्थांचे आराखडेही बहुधा इंग्रजीतच तयार होतात. इंग्रजी शिकू नका असे आम्ही सांगणार नाही. जोतीराव स्वतः इंग्रजी शाळेत शिकले आणि त्यांनी टॉमस पेन वाचला. पण ज्या विद्येचा मालक मराठी बोलतो तिचा हिशेब त्याला मराठीत मिळालाच पाहिजे. पूर्वी संस्कृतचे सोवळे होते. आता इंग्रजीचे आले आहे. फक्त पितांबराऐवजी कोट आहे. याच जिल्ह्यातील तरवडीसारख्या आडगावातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून दीनमित्र चालविला आणि खेडुताच्या भाषेत जगाचे राजकारण त्याच्या चावडीवर आणले. छापखाना बैलगाडीच्या वाटेवर होता. तेव्हा जे जमले ते आज, हातोहाती दूरध्वनी असताना, राहुरीला जमू नये काय? विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. पण ते नेमलेले असतात. ते आपल्या तालुक्यात येऊन, परिषदेत काय झाले हे किती वेळा सांगतात, ते तुम्हीच आठवून पाहा.

म्हणून या सभेपुढे एक ठराव ठेवीत आहो. विद्यापीठाने आपल्या पुढील वाटचालीचा जो आराखडा करावयाचा त्याचा मसुदा आधी मराठीत छापावा, दहाही जिल्ह्यांच्या तालुक्यांत पाठवावा, आणि त्यावर हरकती घेण्यास एक हंगाम पुरेल इतकी मुदत द्यावी. त्यात कोरडवाहू पिकांच्या संशोधनाचा खर्च आणि बागायती पिकांचा खर्च शेजारी शेजारी दाखवावा. रिकाम्या जागा भरण्याचे साल लिहावे. जमीन दिलेल्या कुटुंबांचे देणे कसे फेडणार ते लिहावे. प्रक्षेत्राची एक एकर जमीनही शेतकीखेरीज दुसऱ्या कामास द्यावयाची झाल्यास आसपासच्या ग्रामसभांस विचारल्याशिवाय देऊ नये.

हा ठराव येथे टाळ्या वाजवून मंजूर करून घरी गेलो तर त्याचा कागद होईल. येत्या १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असतात. त्या दिवशी हा ठराव मांडावा, बायांनी सह्या कराव्या, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा उठवावा. ठरावाबरोबर आपल्या गावचा एक प्रश्न लिहून द्यावा: कोणते पीक, कोणता रोग, कोणते बी मिळत नाही, कोणते अवजार हातास बसत नाही. गोलगोल लिहू नये; गट नंबर, पीक आणि साल घालून लिहावे. एक प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांस, एक कृषिमंत्र्यांस, कारण तेच या विद्यापीठाचे प्रतिकुलपती, आणि एक आमच्या कचेरीस पाठवावी. जितकी येतील तितकी आम्ही तालुकावार छापू, आणि उत्तर आले की तेही त्याच पानावर छापू.